गोदामावशीचं ताक

मलकापूरला आमच्या गल्लीत सगळ्यांत आधी जागी व्हायची ती गोदामावशीची रवी. कापसाच्या जिनिंगचा भोंगा त्यानंतर व्हायचा, आणि स्टेशनातून सुटणाऱ्या गाडीची शिटी तर कितीतरी उशिरा. मावशीचं घर आमच्या घराला लागून, मधली भिंत मातीची, त्यामुळे डेऱ्यात रवी फिरू लागली की तो घुर्र-घुर्र आवाज आमच्या उशाशीच यायचा. आवाज जड झाला की लोणी वर आलं हे आम्हाला अंथरुणातच कळायचं. माय चूल पेटवताना म्हणायची, ‘झालं गोदाचं.’ मग कळशी घेऊन बाहेर पडायची. बाबा त्याच सुमारास नळगंगेच्या काठच्या मळ्याकडे निघायचे. वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर, मोसमात कांदे, एवढाच आमचा संसार. घरात खायला कधी कमी नव्हतं आणि वर काही उरतही नव्हतं.

गोदामावशी नात्यानं आमची कोणीच नव्हती. तरुणपणी नवरा गेला, पदरी मूल नाही, तरी माहेरी परत न जाता दोन म्हशींवर तिनं घर उभं ठेवलं होतं. पुढे तिची बहीण बाळंतपणात गेली आणि बहिणीची लेक कमल तिच्याकडे आली. कमल माझ्याच वयाची. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो, नदीवर धुणी घेऊन बरोबर गेलो, एकमेकींच्या वेण्या घातल्या. कमलच्या वडलांनी दुसरं लग्न केल्यावर लेकीकडे फिरून पाहिलं नाही. मावशी त्याचं नाव निघालं की फक्त थुंकायची, शिवी द्यायची नाही.

माझं सतरावं लागलं त्या पावसाळ्याच्या शेवटी मला मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, आला. तापाच्या दिवसांतलं मला फार आठवत नाही. कपाळावरची ओली घडी, मायचं दाराशी बसून राहणं, आढ्याचं हलणं, बस. गल्लीच्या तोंडाशी एका तरुण डॉक्टरांनी नुकताच दवाखाना थाटला होता. त्यांनी कॅप्सूल दिल्या. त्या महाग होत्या, पण त्यांनी मला वाचवलं यात शंका नाही. आधीच्या वर्षी त्याच तापानं पलीकडच्या गल्लीतली एक बाई गेली होती. माझा ताप उतरला. मायनं देवीची ओटी भरली. आणि मग खरा त्रास सुरू झाला.

पोटात काही ठरेना. भाताची पेज घेतली तरी पळावं लागे. तोंड आलं, जीभ लाल भडक झाली, मीठ लागलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. केस विंचरायला घेतले की फणीत पुंजके. दिवाळी आली तेव्हा माझ्या मनगटातून बांगड्या आपोआप गळत होत्या, आणि पाळी तर ताप आल्यापासून बंदच झाली होती. हे शेवटचं फक्त मायला माहीत होतं आणि गोदामावशीला. मायनं मला बजावलं होतं, ‘कोनाजवळ बोलू नोको. लग्नाची पोर हायेस.’ मावशीला मात्र मीच सांगितलं होतं, कारण तिच्यापासून लपवायचं असतं हे माझ्या मनातच आलं नाही.

बाबांनी डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि म्हणाले, ‘हिला ताक द्या. रोजचं, ताजं, लोणी काढलेलं. तीन-चार वेळा थोडं थोडं.’

माय हबकलीच. ‘तापातून उठेल पोरीले ताक? सर्दीनं जाईन न डॉक्टर ते! कढी देऊ का गरम गरम?’

‘कढी नाही. उकळलं की त्यातला जीव मरतो. आपल्याला तो जीवच हवा आहे.’ मग ते खाटेच्या कडेवर बसले आणि बाबांकडे पाहून त्यांनी समजावून सांगितलं. माणसाच्या आतड्यात जंतू असतात, आणि ते सगळेच वाईट नसतात. काही अन्न पचवायला मदत करतात, वाईट जंतूंना जागा धरू देत नाहीत. कॅप्सूलला चांगलं-वाईट कळत नाही. तिनं तापाचे जंतू मारले आणि बरोबर हेही मारले.

बाबा मळ्यातले. त्यांना पटकन उमगलं. ‘म्हणजे निंदता निंदता तणासंगं पीकबी उपटल्या गेलं.’

‘अगदी. आता नवी पेरणी करायची. दह्या-ताकात तसले चांगले जंतू लाखोंनी असतात. हळूहळू पोट सावरेल.’

आज माझी सून औषधाच्या दुकानातून चकचकीत पाकिटं आणते. नातवाला कसल्याशा संसर्गासाठी औषध सुरू झालं की त्याच्या जोडीला तीही सुरू होतात. पाकिटावर लांबलचक इंग्रजी नावं असतात. ‘आई, हे प्रोबायोटिक. पोटातले चांगले बॅक्टेरिया,’ असं ती मला पहिल्यांदा सांगू लागली तेव्हा मी तिला पुरं बोलू दिलं. ती सांगत होती ते बरोबरच होतं.

डॉक्टर गेले तरी मायचं मन घेईना. शेजारणीही येऊन सांगून गेल्या, ताकानं पोर सुजेल, खोकला धरेल. शेवटी गोदामावशीनं कंबर बांधली. पितळी गडू भरून ताक आणलं, माझ्या उशाशी बसली आणि मायला म्हणाली, ‘तू बाहेर जाय वं. तुह्यानं पाह्यल्या जात नाही.’ मग मला छातीशी टेकवून तिनं घोटघोट पाजलं. त्या ताकाला जिऱ्याचा आणि धुपवलेल्या गाडग्याचा वास होता. आंबट नव्हतं. मावशी माझ्यासाठी विरजण वेगळं लावायची, दूध कोमट असतानाच, हाताच्या मागच्या बाजूला थेंब टाकून पाहून, आणि गारठा वाढला तसं ते गाडगं चुलीजवळ गोधडीत गुंडाळून ठेवायची. ‘लहान लेकरासारखं हाये ते,’ म्हणायची. ‘जास्त ऊन झालं त मरते, थंडी वाजली त निजते.’

काही एका दिवसात झालं नाही. पहिले काही दिवस पोट गुरगुरायचं आणि माय दारात उभी राहून ‘मी म्हणलं नव्हतं?’ असं तोंडातल्या तोंडात म्हणायची. पण मावशी हटली नाही. सकाळी गडू, दुपारी गडू, उन्हं कलायच्या आत पुन्हा. कधी ती यायची, कधी कमलला पाठवायची. कमल माझ्या उरलेल्या केसांना खोबरेल लावायची आणि गल्लीतल्या बातम्या सांगायची. मग एक दिवस मला भूक लागली. साधी, खरी भूक. मी मागितलं म्हणून मावशीनं ज्वारीच्या कण्या शिजवल्या आणि त्यावर ताक ओतून, मीठ टाकून वाटी हातात दिली. ती वाटी मी चाटून पुसून खाल्ली आणि पोटात राहिली. मावशी पदरानं डोळे पुसत उठली आणि अंगणातून ओरडली, ‘जेवली वं तुही पोर!’

नंतर मीच चालत तिच्या अंगणात जाऊ लागले. रवीची एक दोरी ती ओढायची, एक मी. श्वास लागला की ती म्हणायची, ‘सोड आता, पुरे.’ घुसळता घुसळता ती मला काय काय सांगायची, मी तिला. मला स्वप्नं कशी पडतात, आरशात पाहिलं की रडू येतं, कोणी मला पसंत करेल का. ‘कमल माही एक लेक, तू दुसरी,’ ती म्हणायची. संक्रांतीच्या आसपास माझी पाळी सुरू झाली, तेव्हा मायच्याही आधी मी मावशीला सांगितलं. तिनं माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला, आणि कसलं निमित्त ते न सांगता अख्ख्या गल्लीत गूळ वाटला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत चिखलीचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर, घरी शेती, आई-वडील माळकरी. मध्यस्थ होते रामभाऊ, बाबांची भाजी अडतीवर घेणारे. मुलगा उंच होता, कमी बोलायचा. चहाचा कप देताना तो माझ्या हातून कलंडू लागला तर त्यानं तो दोन्ही हातांनी धरला. एवढंच. पण सतराव्या वर्षी तेवढ्यावर माणूस किती लांब जाऊन येतो! पोहे झाले, प्रश्न झाले, आणि मुलाच्या आईच्या बोलण्यातून निघालं की तिचं माहेर आणि गोदामावशीचं माहेर एकाच गावचं. ‘गोदावरी इथं राह्यते? मंग भेटूनच जातो,’ असं म्हणत ती बाई उठली आणि शेजारी गेली.

मला त्या क्षणी झालेला आनंद आजही लख्ख आठवतो. मी आत पळत येऊन मायचा हात धरला. आपल्या बाजूचं माणूस तिथं बसलं आहे, आता काळजी नाही, असंच मला वाटलं. मधल्या भिंतीतून दोघींचं बोलणं पुटपुटल्यासारखं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. बराच वेळ चाललं ते. पाहुणे गेल्यावर मावशी दारात आली. माय म्हणाली, ‘काय म्हणत होती वं?’

‘काही नाही. मी सारं सांगतलं तिले,’ मावशी म्हणाली आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली.

आठ-दहा दिवसांनी रामभाऊ आले. ओट्यावर बसले, पाणी नको म्हणाले. मी आणि माय दाराआड. ‘नाही म्हनतात,’ ते बाबांना म्हणाले. ‘पोरगी चांगली हाये म्हनतात, पन…’

‘पन काय?’

रामभाऊंनी आवाज इतका खाली आणला की आम्ही दाराला कान लावले. ‘तिले संग्रहणी हाये म्हनतात. पोट कधीच बरं व्हत नाही. अन… आता कसं सांगू… तिची पाळी बंद हाये म्हनतात. लेकरू व्हनार नाही.’

मायनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मी तिच्या. ती गोष्ट जगात तीन बायकांना माहीत होती. त्यांतल्या दोघी दाराआड उभ्या होत्या. मला आठवतं, माय खाली बसली आणि तिनं कांद्याची टोपली उगीचच पुढे ओढली. मी मात्र उभीच राहिले. मला रडू आलं नाही. अंगावरून कोणीतरी सगळ्यांसमोर लुगडं ओढावं तसं काहीतरी झालं, आणि ओढणारा हात ओळखीचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रवी सुरू झाली तशी मी भिंतीपलीकडे गेले. कमल पाण्याला गेली होती. मावशीनं मला पाहिलं, पण घुसळणं थांबवलं नाही.

‘मावशी, तू काय सांगतलं त्या बाईले?’

‘जे होतं ते.’

‘मले संग्रहणी हाये?’

‘नव्हती का? अंथरुनातून उठवत नव्हतं तुले. मी खोटं काय बोलली?’

‘अन दुसरं?’

तिची दोरी थोडी सैल पडली. ‘बंद झालती का नव्हती?’

‘झालती. मंग सुरू झाल्यावर गूळ कोनं वाटला?’

आता रवी थांबली. डेऱ्यात ताक काही क्षण आपोआप हिंदकळत राहिलं. मावशीनं माझ्याकडे पाहिलं नाही, ती लोण्याकडे पाहत होती.

‘तुले माय हाये,’ ती म्हणाली. ‘बाप हाये, मळा हाये. एक पोरगा गेला त दुसरा येईन. कमलले कोन येईन? बिनमायच्या पोरीले, अन बाप असा? म्या म्हशी पाळनारी रांडमुंड बाई. माह्या दारी कोनता मास्तर येते?’

तोवर माझ्या डोक्यात कमलचं नावही आलं नव्हतं. मला वाटत होतं, मावशीच्या तोंडून चुकून गेलं असेल, त्या बाईनं शपथ घालून विचारलं असेल, काहीतरी असेल. रात्रभर मी तिच्यासाठी कारणं शोधत होते. ‘म्हंजे कमलसाठी?’ मी विचारलं.

‘त्या पोराची माय माह्या गावची. मले नाही म्हनत नाही ते.’

‘मले सांगतलं असतं त मी माय-बाबाले म्हणली असती, मले नाही करायचं तथी. मावशी, तू मांगून पाह्यलं असतं.’

हे मी खरंच बोलले. आज मला खात्री नाही की मी तसं केलं असतं. पण त्या सकाळी ते खरं होतं, आणि तिनं मला ते करण्याची संधीच दिली नव्हती. तिनं लोण्याचा गोळा काढून पाण्यात सोडला, हात धुतले, आणि मग, मी अजूनही हे कोणाला समजावून सांगू शकत नाही, तिनं रोजच्यासारखा गडू भरला आणि माझ्यापुढे धरला. ‘घे. रिकाम्या पोटी जाऊ नोको.’

मी तो घेतला नाही. घरी आले आणि मायला सांगितलं, तिच्या घरचं दूध, दही, ताक, काही या घरात आणायचं नाही. माय ‘बरं’ म्हणाली. पण पोटाला माझा राग कळत नव्हता. आठवडा गेला आणि पुन्हा जळजळ, पुन्हा जेवणाची भीती. डॉक्टरांनी विचारलं, ‘ताक का बंद केलं?’ मग मायनं दुसऱ्या गवळ्याचं दूध लावलं आणि स्वतः दही लावायला घेतलं. मावशीच्या विरजणाचा थेंबही नको म्हणून तिनं कोमट दुधात वाळल्या मिरचीचे देठ टाकून पाहिले. पहिलं गाडगं नासलं. दुसऱ्याला तार सुटली. शेवटी बाबांनी मळ्याशेजारच्या धनगरवाड्यातून वाटीभर दही आणलं, त्याचं लागलं. त्याला जिऱ्याचा वास नव्हता, जरा आंबट व्हायचं, पण पोट पुन्हा वळणावर आलं. जंतूंना कोणाच्या हातचे आहोत याचं काही नसतं. मला होतं. ते ताक मी औषधासारखं डोळे मिटून प्यायचे.

कमलचं लग्न चिखलीच्या त्याच मास्तराशी ठरलं, मुहूर्त वैशाखातला. सगळी गल्ली राबली. बाबांनी मळ्यातून वांगी पाठवली, कारण न पाठवणं म्हणजे बोलणं झालं असतं, आणि आमच्या घरानं कोणाला काही बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. बोललो असतो तर माझीच गोष्ट पुन्हा चावडीवर आली असती. हे मावशीला ठाऊक होतं. तिचा सगळा भरवसा त्यावरच होता. लग्नापर्यंतच्या दोन महिन्यांत कमल माझ्याशी एकदाही बोलली नाही. नदीवर मी दिसले की दुसऱ्या दगडावर जायची. मी स्वतःला सांगत राहिले, तिला माहीत नसणार. मावशीनं तिला बजावलं असणार, उगीच काही खोटं सांगितलं असणार. एक माणूस गेलं होतं, दुसरं मला राखायचं होतं.

लग्नाला मी गेले. न जाण्याचं कारण सांगता आलं नसतं. अक्षता टाकल्या, पंगतीत बसले. नवरदेव एकदा माझ्याकडे पाहून चटकन खाली पाहू लागला. त्याच्या नजरेत कीव होती, आणि ती मला रागापेक्षा जास्त लागली. पाठवणीच्या वेळी कमल एकेकीच्या गळ्यात पडून रडत होती. माझ्यापाशी आली तेव्हा तिनं मला इतकं घट्ट धरलं की तिच्या मुंडावळ्या माझ्या गालात रुतल्या. आणि कानाशी म्हणाली, ‘मले ठाऊक होतं वं. पह्यल्या दिवसापासून.’

मी काही म्हणायच्या आत कोणीतरी तिला पुढे ओढलं. वऱ्हाडाची बस धूळ उडवत चिखलीच्या रस्त्याला लागली. ती क्षमा मागत होती की फक्त मनावरचं ओझं माझ्यावर टाकून जात होती, हे मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला विचारलं. तिला तिथं चांगलं झालं. मुलंबाळं झाली, नवऱ्यानं तिला पुढे शिकवलं. माझंही वाईट झालं नाही. दुसऱ्या वर्षी संग्रामपूरकडच्या घरात मी दिली गेले, तिन्ही बाळंतपणं नीट झाली, आणि पोटानं मला पुन्हा कधी फार छळलं नाही. हे सगळं मी प्रामाणिकपणे सांगते, कारण लोकांना वाटतं, ज्याला फसवलं त्याचं पुढे काही वाटोळं झालंच पाहिजे, नाहीतर फसवणूक लहान ठरते.

पण मला त्या दुपारचं सांगायचं होतं. बस गेल्यावर लोक पांगले. गोदामावशी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि एकदम खालीच बसली. रडण्याचा आवाजही निघेना तिचा. बायका माझ्याकडे पाहू लागल्या. सगळ्यांना माहीत होतं, कमलनंतर तिची मीच. मी जागची हलले नाही. तेव्हा मांडवातून माझी माय पुढे गेली. तिनं मावशीला काखेत हात घालून उठवलं, धुळीनं भरलेलं लुगडं झटकलं आणि तिला हळूहळू तिच्या घरी घेऊन गेली. बऱ्याच वेळानं परत आली. मी चुलीपुढे बसून होते.

‘काऊन गेलीस?’ मी विचारलं. त्या क्षणी मला वाटलं, आता हीसुद्धा तिकडचीच झाली. ‘तिनं माह्यं काय केलं, तुले माहीत नाही?’

मायनं घागरीतून पाणी घेतलं, पाय धुतले, पदराला हात पुसले. ‘माहीत हाये,’ ती म्हणाली. ‘पन तुले जगवलं तिनं. तेवढं मले ध्यानात ठेवा लागते. बाकीचं तू ठेव.’

मी ठेवलं.